न्हाणीघराचं दार आणि यमुताई

महाल, नागपूर
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५८

तीर्थस्वरूप गिरिधरराव यांचे चरणी मार्तंडाचा साष्टांग नमस्कार.

उमरेडला आपण, वहिनी व मुलं खुशाल असाल आणि थंडीत आपली कंबर फार कुरकुरत नसेल, असं धरून चालतो. इकडे आपली भगिनी सुमती प्रकृतीनं उत्तम आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. चि. प्रमोदिनीचा गुडघा सोलवटला आहे. तो कसा, हेच सांगायला बसलो आहे.

आमचं न्हाणीघर आपल्याला ठाऊक आहे. तीन बाजूंना तट्टे, चौथीला गोणपाट, खाली एक दगड. (शिमग्याला आपण आत असताना गोणपाट वाऱ्यानं उडालं होतं, तो विषय काढत नाही.) प्रमोदिनीला पाहायला अमरावतीहून मुलाची आत्या, यमुताई, मुक्कामाला येणार असं कळलं आणि सुमतीच्या तोंडचं पाणी पळालं. आईवेगळ्या पोराला या आत्यानंच वाढवलेलं, म्हणजे शेवटचा शब्द तिचाच. गवंडी परवडेना. तेव्हा मीच धोतर खोचून कामाला लागलो. विटा रचल्या, फरशी बसवली, सिमेंट फासलं, वर कौलं चढवली, जुन्या बाजारातून आणलेलं दार लावलं. बाईमाणसाला गारठा बाधू नये म्हणून भिंतीला फट म्हणून ठेवली नाही. सुमतीनं धुराचं विचारलं, तर बंबात लाकडांऐवजी कोळसे घाल, असा उपायही सांगितला. (फरशीचा उतार मोरीऐवजी दाराकडे गेला होता, हे मात्र पाणी पडेपर्यंत कोणालाच कळलं नाही.)

यमुताई आल्या, जेवल्या, फार बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला गेल्या. थोड्या वेळानं आतून दार ओढल्याचा आवाज आला, मग पुन्हा. पाणी पिऊन दार फुगलं होतं आणि सिमेंटवर घट्ट बसलं होतं. मी बाहेरून धीर दिला की नवीन काम आहे, जरा जोरानं ओढा. त्या खोकल्या. डोकं गरगरतंय म्हणाल्या. मग खोकणंही थांबलं. सुमतीनं हाका मारल्या, उत्तर नाही. कोळशाचा वायू कोंडल्यावर माणूस झोपल्यासारखा जातो, हे मी वाचलेलं होतं, आणि ते मला तिथं उभं राहून आठवलं.

शेजारचे नत्थूजी धावत आले. मी दाराला खांदा लावला, तोच फळीच्या चिरेतून आत पाहून त्यांनी मला मागं ओढलं. म्हणाले, "धक्का मारू नका, मार्तंडराव. बाई दारालेच टेकून पडल्या हायेत."

दार आत उघडणारं. ढकलावं तर त्यांच्या अंगावर, न ढकलावं तर आत तो वायू. आम्ही दोघं बाप्ये एकमेकांकडे पाहत राहिलो. तेवढ्यात वर कौलं खडखडली. प्रमोदिनी. जिला सुमतीनं तीन दिवस मान खाली घालून बसायला शिकवलं होतं, ती ठेवणीतल्या लुगड्याचा काचा मारून आडाच्या कठड्यावरून छपरावर चढली होती आणि कौलं उपसून अंगणात फेकत होती. भोक मोठं होताच आत उतरली. खरचटल्याचा आवाज, तिचा खोकला, मग काहीतरी जड ओढल्याचा. मग तिची हाक, "बाबा, आता ढकला."

दार बिजागऱ्यांसकट आत गेलं. यमुताईंना अंगणात खाटेवर टाकलं. ओठ पांढरे पडले होते. सुमती तळवे चोळत होती, मी नुसताच देवाचं नाव घेत होतो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि आधी प्रमोदिनीकडे पाहिलं. छपरावर चढायला कोणी शिकवलं, असं विचारलं.

"कोणी नाही. तुम्ही बोलायच्या थांबल्या, म्हणून चढले," पोरगी म्हणाली.

यमुताई दिवसभर पडून होत्या. आम्ही स्थळ गेलं असंच समजून चाललो. सुमतीनं चूलसुद्धा उदास मनानं पेटवली. निघताना टांग्यात बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "पोरगी मला पसंत आहे. माझा भाचा हिच्या जोगा आहे का, ते हिनं अमरावतीला येऊन पाहावं. मग काय ते सांगा."

मुलीनं मुलगा पाहायला जायचं, असं आपल्यात कधी झालं नाही. प्रमोदिनीला विचारलं तर म्हणते, जाईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
मार्तंड

ता. क. तिला घेऊन आपणच अमरावतीला जावं, ही विनंती. यमुताईंनी टांगा हलताना आणखी एक सांगितलं होतं, की सोबत कोणीही चालेल, बाप नको.

दुसरा ता. क. या उपकाराची अंशतः फेड म्हणून नाताळच्या सुटीत येऊन आपलं न्हाणीघर नीट करून देईन. सिमेंट थोडं उरलं आहे.

दादा, पाकीट चिकटवायच्या आधी मी हे लिहीत आहे. पोरीला घेऊन जा. सिमेंट मी वाटून टाकलं. तरी हे आले, तर थापी हाती देऊ नका. – सुमती