लिनक्सची चहाडी

२ जुलै २००८, बुधवार

मेला! कॉम्प्युटर मेला! म्हणजे चालू आहे, पण प्रत्येक फोल्डरच्या पोटात त्याच नावाचं आणखी एक फोल्डर उगवलंय. त्यावर क्लिक केलं की आणखी पिल्लं. व्हायरस. कुणीतरी लग्नाचे फोटो न्यायला पेनड्राइव्ह घेऊन आलं आणि जाताना हा आहेर ठेवून गेलं.

मामांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगावंच लागलं. त्यांनी सहा वर्षं केलेली सगळी शूटिंगं त्यातच आहेत — जुन्नर-आंबेगावातली लग्नं, बारशी, बैलगाडा शर्यती. मामा म्हणाले, "एक जरी लगीन गेलं ना आरती, तर आदी कॅमेरा हिरीत टाकीन, आन् मागनं तुला."

विनोद असावा. असावा!

३ जुलै

जुन्नरला शौकतभाईंच्या दुकानात गेले. ते म्हणाले, "भाभी, विंडोज परत टाकून देतो, पण महिन्यानं परत याल. त्यापरीस हे न्या. फुकट हाय, आन् ह्याला असले व्हायरस लागत न्हाईत." सीडी दिली. लिनक्स! सगळं आधी उतरवून ठेवायला स्वतःची मोठी हार्ड डिस्कही दिली — "सांबाळून, पाडू नका."

मामांना विचारायचं का? नको. विचारलं की नाही म्हणतात, आणि नाही म्हटल्यावर करणं म्हणजे उद्धटपणा. न विचारता केलं तर ती फक्त घाई.

५ जुलै, शनिवार

झालं!! मामा ओतूरला बाजाराला गेले होते. नऊ ते एक लाईट नसते, म्हणून एकला बसले. आधी सगळी शूटिंगं शौकतभाईंच्या डिस्कवर, मग विंडोजला नारळ. हे चाकणहून सुट्टीला आले तर मी कॉम्प्युटरपुढे घामाघूम. "आण्णांना माहितीये?" ह्यांनी वडिलांबद्दल विचारलं. "काय?" मी म्हटलं. हे मुकाट्यानं चहा करायला गेले. असा नवरा हवा.

टीव्ही कॉम्प्युटरलाच जोडलाय, बातम्याही त्यातूनच लागतात; त्याचा रिमोट मात्र ऐकेना. तो बसवायलाच दोन तास! आता पुढच्या खोलीतल्या टीव्हीवर, गादीवर लोळत, कुठलंही लग्न लावता येतं.

संध्याकाळी मामा बघतात तर पडदा तपकिरी. "आरं, निळं व्हतं ना हे?"

"अपडेट आलंय मामा."

"बरं दिसतंय."

हुश्श.

८ जुलै

मामांनी फाइलींना दिलेली नावं: न्यू, न्यू२, फायनल, फायनल खरं, फायनल आता खरंच, दाजीचं. कुठला दाजी? मामांनाही आठवत नाही!

मग एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला हुकमांची चिठ्ठी, लिहिली. मामांच्या वहीत तारीख, गाव, नवरदेवाचं नाव असतं — ती यादी टाइप करून दिली. स्क्रिप्ट फाइलची तारीख बघते, यादीशी जुळवते, नाव देते, वर्षाच्या फोल्डरात नेऊन ठेवते. मी नुसती शेंगा खात बसले. चारशे बारा फाइली आपापल्या घरी गेल्या! दाजी बनकरफाट्याचा निघाला.

९ जुलै

एक फोल्डर राहिलंय. नाव: 'खराब'. आत तेवीस तुकडे, कुठला दहा सेकंदांचा, कुठला मिनिटाचा. मी म्हटलं, "मामा, हे पुसून टाकते, जागा होईल."

मामा ताटावरून उठले. "त्याला हात लावायचा न्हाई!"

एवढं काय? कॅमेरा हलला म्हणून वगळलेलं असेल. पण घास हातात धरून ओरडले!

१४ जुलै, सोमवार

आता गंमत. लिनक्स चहाडखोर आहे! कुठली फाइल किती वाजता लावली, सगळं लिहून ठेवतं. आज सहज उघडलं तर — रोज दुपारी सव्वादोन, 'खराब'. रोज पहाटे साडेपाच, 'खराब'.

दिवसातून दोनदा! चोरून! मामा, ह्या वयात? काय आहे काय त्यात? स्वतः उघडून बघायचा धीर होईना. सासऱ्यांच्या खाजगीत डोकवायचं नाही, एवढं कळतं. पण रंगेहाथ पकडायला काय हरकत?

१५ जुलै

दोन वाजता "दळणाला जाते" म्हणाले आणि डबा घेऊन मागच्या दारानं परत आले. मामा ओसरीवर घोरत होते!

टीव्हीपुढे आत्या. माझ्या सासूबाई. "मला मेलीला त्यातलं काय कळतंय" म्हणणाऱ्या बायडाबाई, हातात रिमोट, सफाईनं पुढे-मागे करत होत्या!

मला बघून दचकल्या. पडद्यावर अवसरीचं कुठलंसं लग्न. बँड वाजतोय, मागे बायका, त्यात एक हिरव्या साडीतली, कडेवर पोर. आत्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "माजी मंदा."

मंदावन्सं म्हणजे ह्यांची बहीण. मी ह्या घरात येण्याआधी चार वर्षं बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याबरोबर पळून गेल्या — तेही मामा शूटिंग करत होते त्याच लग्नातून! त्या अवसरी बुद्रुकला असतात. घरात त्यांचं नाव काढायचं नाही, हा मामांचा हुकूम. मी त्यांना आज पहिल्यांदा पाहिलं.

"ह्यांला सांगू नको हां," आत्या ओसरीकडे बघत म्हणाल्या. "चुकून आलीय ती शूटिंगात. कळलं तर पुसून टाकतील."

मी दळणाचा डबा खाली ठेवून त्यांच्याशेजारी बसले.

१६ जुलै

पण थांब. साडेपाचला आत्या गोठ्यात धार काढतात. मी झोपलेली असते. हे चाकणला.

म्हणजे घरात उरलं कोण!

१७ जुलै

पाचलाच उठले. दाराच्या फटीतून पाहिलं. आवाज बंद करून, टीव्हीला नाक लावून — मामा. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

एकाच घरात, एकाच टीव्हीवर, दोघं एकमेकांपासून लपून! इतकी वर्षं तो हुकूम कुणासाठी चालला होता?

आता ह्यात माझी लुडबूड नसेल तर मी आरती कसली. लिनक्सला वेळ सांगून ठेवली की त्या वेळी ते काम आपोआप करतं. रविवार. दुपारचं जेवण. साडेबारा — नको, लाईट नसते. दीड.

२० जुलै, रविवार

दीड वाजता आम्ही चौघं पंगतीला. बातम्या चालू. अचानक बातम्या गेल्या आणि बँड सुरू झाला. अख्ख्या टीव्हीभर मंदावन्सं.

ह्यांचा हात थांबला. आत्या म्हणाल्या, "मशीन बिगाडलं वाटतं." मामा म्हणाले, "व्हय, बिगाडलं." पण बंद करायला कुणी उठेना!

एक तुकडा संपला, दुसरा लागला. पोर कडेवरून उतरून चालत होतं. आत्या पुटपुटल्या, "ह्यात फ्रॉक नवा हाय." मामांनी मान वळवली. "तुला काय ठावं?"

आत्यांनी पदर तोंडाला लावला. मग मामांना कळलं. मामा ताट सरकवून उठले आणि मळ्यात निघून गेले.

मी काय करून बसले!

२२ जुलै

कुणी माझ्याशी बोलत नाही. 'खराब' दोन दिवसांत कुणी उघडलेलंही नाही. शौकतभाईंची डिस्क परत केली. ते म्हणाले, "समदं जागेवर आलं ना?" काय सांगू!

२४ जुलै

मामा स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसले. माउस उगाच पुसला. "त्या तुज्या मशीनला सांग," म्हणाले, "मंदाचं समदं एका जागी, वर्साप्रमानं लाव."

मी तारखांनी लावून, जोडून दिलं. सतरा मिनिटं. पोरगी तान्ही असते, रांगते, शेवटी शाळेच्या गणवेशात येते. मामा-आत्यांनी शेजारी बसून तीनदा पाहिलं.

मामा हळूच म्हणाले, "अवसरीकडलं एक लगीन मी सोडलं न्हाई. लांबनं टिपायचो. तिला पत्ताबी लागू दिला न्हाई."

२७ जुलै, रविवार

त्या क्लॅरिनेटवाल्याच्या बँडच्या कार्डावर नंबर सापडला. मीच फोन लावला. सतरा मिनिटांचं सगळं सांगितलं. पलीकडे मंदावन्सं आधी रडल्या, मग हसायला लागल्या.

"आगं, मला पत्ता न्हाई? कॅमेरा दिसला की मीच पोरीला घेऊन त्याच्याम्होरं जाऊन हुबी ऱ्हाते! आण्णांना म्हणावं, वैशाखातल्या लग्नात लई हात थरथरत व्हता. ते पुन्ना काढा. आमी उद्या येतोय."