ट्रकवरचा तुमचा फोटो

बाबा, काल इथे अमेरिकेत, एडिसनच्या परेडमध्ये तुम्ही एका ट्रकवर होतात. माणसाहून मोठा फोटो आणि खाली लिहिलेलं, ‘बेटांसाठी प्राण दिले’. फोटो तुमच्या लग्नातला, शेजारची आई कापून टाकलेला. गळ्यातला हारही लग्नातलाच, पण लोक त्यालाच हात जोडत होते. तुम्ही हसला असतात. त्या दोन उजाड बेटांवर तुम्ही सरकारी नोकर म्हणून वारा-पाऊस मोजायला जायचात आणि घरी आल्यावर म्हणायचात, "तिथे पक्षी राहतात आणि आम्ही पगारासाठी जातो. दोन देश कशाला भांडतात, देव जाणे."

तिथे प्यायचं पाणी पिंपांतून यायचं. म्हणून सुट्टीवर आलात की पहिल्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरातला नळ सोडून नुसते बघत उभे राहायचात. आई ओरडायची, "अहो, भरलं ना तपेलं, बंद करा की!" तुम्ही बंद करायचात, पुन्हा सोडायचात. एकदा मी अर्धा पेला पाणी मोरीत ओतलं तर पाठीत धपाटा बसला. तुम्ही मला मारलंत ते तेवढंच. अजूनही उरलेलं पाणी माझ्याच्यानं ओतवत नाही, कुंडीत घालते.

बेटावर तुमच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा समुद्र शांत होता. पण बोट बंदरात रंगवायला काढली होती. निवडणूक जवळ आली होती आणि मंत्र्यांना बेटावर झेंडा लावतानाचा फोटो हवा होता. रंग वाळेपर्यंत बोट हलवायची नाही, असा वरून हुकूम. तुमचं अपेंडिक्स फुटलं. मग मंत्री आले, झेंडा लागला, फोटो निघाला आणि परतताना त्याच बोटीतून तुम्हाला आणलं. मी लग्न होऊन इकडे निघाले तेव्हा आईनं हे सांगितलं. तोवर ताप आला होता म्हणायची.

यंदा तिकडे पुन्हा निवडणूक आहे, म्हणून पुन्हा सगळ्यांना बेटं आठवली आहेत. इथल्या मंडळातले एक काका घरी आले. "अगं, तुझे बाबा त्या बेटावर गेले, इट्स ह्यूज! इथून स्ट्राँग मेसेज जाईल."

"काका, ते अपेंडिक्सनं गेले. बोट दिली नाही म्हणून."

"डिटेल्स कशाला सांगत बसायचे? लोकांना फील आला पाहिजे."

मी फोटो दिला, पण ट्रकवरून मी स्वतः बोलणार या अटीवर. खरं काय ते सगळ्यांसमोर सांगायचंच, असा पक्का निश्चय करून गेले होते मी.

ट्रक थांबला तो नेमका माझ्या मासेवालीच्या दुकानासमोर. ती त्या दुसऱ्या देशाची. इतकी वर्षं मला पापलेट साफ करून देते, आईची तब्येत विचारते. तिच्या देशाच्या नावानं घोषणा सुरू झाल्या, तशी तिनं माझ्याकडे बघत बघत शटर खाली ओढलं. तेवढ्यात माइक माझ्या हातात आला. समोर माझी लेक फोन धरून व्हिडिओ घेत होती. आदल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "आई, सो आजोबा वॉज अ हीरो?" तोवर तिनं तुमच्याबद्दल कधी काही विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, "बाबांचा त्या बेटांवर फार जीव होता." एवढंच बोलले. टाळ्या थांबेनात. काकांनी डोळे पुसले.

ज्यांनी तुमच्यासाठी बोट सोडली नाही, त्यांना मी आजवर शिव्या दिल्या आणि काल त्यांचंच काम करून आले. लेकीला अजून काही सांगितलेलं नाही. मासेवालीकडे आता कोणत्या तोंडानं जाऊ? तुम्हाला हे पाठवण्याचा प्रश्नच नाही, आणि इथे दुसऱ्या कुणाला दाखवायचा धीर होत नाही.

आणि टाळ्या वाजत होत्या ना बाबा, तेव्हा मला बरं वाटत होतं.