पंप बंद असतो त्या दिवशी

३ मार्च, सोमवार

१. आमच्या साइटवर तळघराचा खड्डा खणला. काम बाबांच्या कंपनीचं. साइट इंजिनीअर म्हणून सही माझी.
२. खड्ड्यात पाणी लागलं. उपसायला पंप लावला.
३. शेजारच्या घराच्या मागच्या खोलीत भिंतीला तडा गेला.
४. त्या खोलीत एक माणूस अंथरुणाला खिळून आहे.
५. त्याच्या बायकोने मला बोलावून तडा दाखवला. मी पाहिला. काही बोलले नाही.

आमच्या वकीलबाईंनी सांगितलं होतं — घडलं ते क्रमाने लिही, विशेषणं नकोत, 'मला वाटतं' तर अजिबात नको. वाचून म्हणाल्या, "पाचवा मुद्दा उत्तम!" म्हणजे गप्प राहिले तो. शेजाऱ्यांची माफी मागायची नाही. दुरुस्तीचा शब्द द्यायचा नाही. विमा कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. आपण कबुली दिली की विमा हात वर करतो.

गप्प राहिल्याबद्दल शाबासकी पहिल्यांदाच मिळाली. आई तर मला घुमी म्हणते.

पण तडा का गेला? बाबा म्हणतात, जुनं घर आहे, उन्हाने भिंत तापते. असेलही. बघता येईल.

५ मार्च

तड्यावर आडव्या तीन काचपट्ट्या बसवल्या, दोन्ही टोकं प्लास्टरने घट्ट. भिंत हलली तर काच फुटते. काच खोटं बोलत नाही. शिवाय तड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक खुणा केल्या, म्हणजे त्यांच्यामधलं अंतर रोज मोजता येईल.

घरमालकीण निवृत्त नर्स. सगळे सिस्टरबाई म्हणतात. आवाज अजून वॉर्डातला. "इंजिनीअरबाई, बूट बाहेर! माझ्या पेशंटच्या खोलीत चिखल नको." पेशंट म्हणजे त्यांचे यजमान. काकांचा पलंग त्याच भिंतीला लागून. ते पडल्या पडल्या म्हणाले, "आधी भिंत जाते की मी, लाव पैज. मी भिंतीच्या बाजूने."

"तोंड बंद ठेवा, धाप लागते," सिस्टरबाई.

पलंग दुसऱ्या खोलीत न्यावा, तर दाराची चौकट तिरकी झाली आहे. दार अर्धंच उघडतं. पलंग निघत नाही. मोजलं. बोलले नाही.

७ मार्च

मधली काच फुटली!

आनंद झाला. मग काकांचा पलंग दिसला आणि स्वतःचीच लाज वाटली. नवीन काच लावली.

९ मार्च, रविवार

सुट्टी. पंप बंद. दिवसभर रणरणतं ऊन — आणि तडा तसूभरही वाढला नाही. ऊन कारण असतं, तर आजच सगळ्यात जास्त वाढायला हवा होता. हे काय?

११ मार्च

ढगाळ हवा. भिंत गार. पंप सुरू. तडा वाढला!

म्हणजे ऊन नाही. पाणी. आमचा पंप फक्त आमच्याच खड्ड्यातलं पाणी ओढतो असं थोडंच आहे? पाण्याला कुंपण कळत नाही. शेजारच्या घराखालचं पाणीही इकडे येतं, तिथली माती कोरडी होऊन बसते, आणि तिच्यावरचा पाया तिच्यासोबत खाली.

जेवताना बाबांना सांगितलं. "एका रविवारावर शास्त्र उभारतेस?" हे मात्र बरोबर आहे. आई म्हणाली, "ताटात भिंती नकोत." पुढच्या रविवारची इतकी वाट मी शाळेतही पाहिली नव्हती.

१२ मार्च

मुकादमांना सहज विचारलं, पंप बंद ठेवला तर? "मग काय ताई, खड्ड्यात मासे पाळू."

१६ मार्च, रविवार

पंप बंद. तडा थांबला. पुन्हा!

१८ मार्च

खुणांमधलं अंतर वाढलेलं. तिन्ही काचा शाबूत.

कसं शक्य आहे? पुन्हा मोजलं. तेच. भिंत सरकली आणि काच फुटली नाही — असं होत नाही. कारण शोधत राहिले. शेवटी प्लास्टरला नख लावलं. आत रुतलं. ओलं होतं. मी लावलेलं कधीच वाळून खडखडीत झालंय.

सिस्टरबाईंनीच सांगितलं. "काल तुझे बाबा आले होते की! फळं घेऊन. म्हणाले, मुलीनेच नवीन काचा बसवायला सांगितल्यात. काकांची उशीसुद्धा सारखी करून गेले. देवमाणूस हो!"

काही बोलले नाही. या वेळी शाबासकी नको होती.

१९ मार्च

बाबांना विचारलं. नाकारलं नाही त्यांनी. "सोमवारी विमावाला येतोय. फुटक्या काचा बघून काय लिहील तो? काम एकदा थांबलं की माणसं पांगतात, मग पुन्हा गोळा होत नाहीत. तू अजून जग पाहिलेलं नाहीस."

"आणि भिंत?"

"इतकी वर्षं उभी आहे. महिनाभर राहील. हे बघ, तू फक्त सही करतेस. कंपनी मी चालवतो."

वकीलबाईंकडे गेले. तोंड उघडणार, तोच त्यांनी हात वर केला. "आधी ऐक. मी कंपनीची वकील आहे. तुझी नाही. तू जे सांगशील ते मला तुझ्या बाबांपासून लपवता येणार नाही. स्वतःसाठी वेगळा वकील बघ."

मला हे सुचलंच नव्हतं! इतके दिवस 'आपली वकील' म्हणत होते.

"एक गोष्ट मात्र करारातच आहे, तुला वाचता येईल," त्या म्हणाल्या. "काम थांबवायचा अधिकार सही करणाऱ्या इंजिनीअरला. न थांबवल्याचा जाबही त्यालाच." दारापर्यंत सोडायला आल्या. "सही तुझ्याकडे का दिली बाबांनी?"

"घरची म्हणून."

"हं," एवढंच.

२० मार्च

एका रविवारपुरतं चालतं, पण पंप कायमचा एकदम बंद केला, तर खड्ड्याची कडही ढासळेल. आधी शेजारच्या बाजूला मातीचा भराव परत घालायचा, चांगला ठोकून. मगच पंप, हळूहळू.

मुकादमांना तसं सांगितलं. "मालकांना विचारलंत?"

"सही कुणाची आहे?"

त्यांनी हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं, परत घातलं. "म्हणजे मासे पाळायचेच!" आणि माणसांना हाक मारायला गेले.

आता उरला पलंग. पलंग निघत नाही. पण माणूस स्ट्रेचरवर निघतो. मोजलं.

२१ मार्च, शुक्रवार

आईने दार उघडलं. स्ट्रेचर पाहिलं. बाजूला झाली. सिस्टरबाईंनी बूट बाहेर काढले.

पत्राच्या तीन प्रती. एक विमा कंपनीला, एक सिस्टरबाईंच्या हातात, एक बाबांच्या टेबलावर. मजकूर असा —

"पंपामुळे शेजारच्या घराखालची माती बसत आहे. भिंतीवरच्या काचा १७ मार्च रोजी कंपनीने बदलल्या. त्यांच्यावर विसंबू नये. साइटवरचं खोदकाम मी थांबवलं आहे. भराव पूर्ण होताच पंपही बंद होईल. रुग्ण आणि त्यांच्या पत्नी आज सकाळपासून आमच्या घरी, माझ्या खोलीत आहेत. कंपनी त्यांची सोय कुठे करणार, हे मंगळवार, २५ मार्चपर्यंत लेखी कळवावे."