आकाराम गुरुजींना सुनावणीस हजर करू देण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव साहेब,
पंचगंगातीर अभिमत विद्यापीठ,
कोल्हापूर.

अर्जदार : श्रीमती बायडाबाई केरबा चौगले, वय पंच्याहत्तरच्या पुढं, मंगळवार पेठ, कोल्हापूर.

विषय : नात वर्षाराणी हिची पीएच.डी.ची नोंदणी रद्द करू नये आणि साक्षीदार आकाराम यांना सोमवारच्या सुनावणीत उभं करू द्यावं याबाबत.

संदर्भ : आपल्या हापिसाची नोटीस, जी वाचल्यापासनं पोरगी धड जेवली न्हाय.

महोदय,

१. अर्जदार बायडाबाई ही सदर अर्ज स्वहस्ते लिहीत हाय. अक्षर वाकडं हाय, माणूस सरळ हाय. थापा मारायचा नाद तेवढा हाय, तो गल्लीला म्हाईत हाय. तिची नात वर्षाराणी हातकणंगल्याच्या एका शाळेत मास्तरीण हाय आणि आपल्याकडं शैक्षणिक प्रशासन व नेतृत्व ह्या विषयात पीएच.डी. करत्या. म्हंजे शाळा कुणी चालवावी आणि कशी चालवावी, ह्याचा अभ्यास. तिचे मार्गदर्शक डॉ. विजयसिंह इंगवले. ह्यांनी पोरीला मार्ग दाखवला तो असा : त्यांच्या वर्गाचे पेपर तपासायचे, त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायच्या, आणि कुरुंदवाडास्नं बासुंदी आणायची, तीबी दाट सायीची. "आजी, गप बस की, सही त्यांचीच लागत्या," असं म्हणून वर्षाराणीनं अर्जदाराचं तोंड बांधलं हुतं. ते आज सुटलंय.

२. गेल्या उन्हाळ्यात वर्षाराणी तिचे प्रश्न खऱ्या मुख्याध्यापकांस्नी विचारायच्या आधी, तालीम म्हणून आजीला विचारत बसली. संशोधनात तशी रीत हाय म्हणं, आधी प्रश्न घरातल्या माणसावर घासून बघायचे. अर्जदार लसूण सोलत हुती. "आपल्या पाहण्यातले आदर्श मुख्याध्यापक कोण?" असं पोरीनं सख्ख्या आजीला अहोजाहो करून विचारलं. असं कुणी विचारलं की अर्जदाराच्या जिभेला खाज सुटत्या. तिनं सांगितलं, की तिच्या माहेरच्या गावात हेडमास्तर टिकत नव्हता. मग गावानं आकाराम गुरुजी नेमले. कधी रजा न्हाय, कधी बदलीसाठी पुढाऱ्याच्या दारात न्हाय. सकाळी सगळ्यांच्या आधी फाटकात उभं. तोंडातनं शब्द न्हाय, नुसतं बघायचं. एवढ्यावर मास्तर लोक घंटेच्या आधी येऊ लागलं. एकदा तपासणीला आलेला साहेब उर्मट बोल्ला, तर गुरुजींनी त्याला वढ्यापतोर पळवला. त्या साहेबानं शाळेला 'उत्तम' शेरा दिला, तोबी पळत पळतच.

३. वर्षाराणी पोट धरून हसली. ही थाप तिनं प्रबंधात घेतली न्हाय. पण प्रश्न नीट जमलेत का ते बघायला म्हणून तालमीचे कागद तिनं डॉक्टरांकडं दिले, आपल्या मेहनतीच्या दोन प्रकरणांसंगट. हितंच पोरगी चुकली. मांजराला दुधाचा रखवालदार केलं.

४. दिवाळीनंतर डॉक्टरांचा लेख छापून आला. पोरीची दोन्ही प्रकरणं त्यात जशीच्या तशी, आणि शेवटाला आकाराम गुरुजी! डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय 'मौन नेतृत्वाचे प्रतिमान'. खाली लिवलंय, "प्रस्तुत लेखकाने गुरुजींची राहत्या घरी प्रत्यक्ष भेट घेतली. वयोमानाने थकले असले तरी त्यांनी दिलखुलास चर्चा केली." पोरगी विचारायला गेली तर म्हणाले, "माझंच तू उचललंस. लेख आधी कुणाचा छापलाय?" आणि वर आपल्याकडं तक्रार. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. आपल्या हापिसानंबी आधी ना पोरीला बोलावलं, ना विचारलं. सरळ नोंदणी रद्द का करू नये म्हणून नोटीस धाडली, सुनावणी सोमवारी. लई भारी प्रशासन हाय तुमचं.

५. नोंदणी गेली तर पोरीची चार वर्षं मातीत. खरं काय ते सांगायला ती लाजत्या. म्हणत्या, "आजीनं थाप मारली म्हटलं तर माझं सगळंच काम थापा ठरवतील." अर्जदाराकडं लाज कमीच हाय, म्हणून ती सांगत्या. आकाराम हा अर्जदाराच्या गोठ्यातला रेडा हाय. मंगळवार पेठेत, घराच्या मागं, आज रोजी हयात. शाळेचं तोंड त्यानं बघितलेलं न्हाय. पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून तेवढा मिरवायला जातो. तो डॉक्टरांशी दिलखुलास बोल्ला असंल, तर घरच्यांशी त्यानं इतकी वर्षं दावा धरलाय असंच म्हणायला पायजे.

६. सबब विनंती अशी की, सोमवारी आकारामला डॉक्टरांच्या समोर आणू द्यावं आणि डॉक्टरांस्नी एकच विचारावं, हेच का ते गुरुजी? व्हय म्हणाले तर विद्यापीठाचा माणूस रेड्याची मुलाखत घेऊन आला. न्हाय म्हणाले तर कुणाची घेतली, तो माणूस दाखवावा. दोन्हीतलं कायबी जमलं न्हाय तर कागद कुणाच्या दप्तरातनं गेले ते आपोआप दिसतंय. मग पोरीची नोंदणी कायम ठेवून मार्गदर्शक बदलून द्यावा.

७. सुनावणी तिसऱ्या मजल्यावर ठेवलीया. आकाराम जिना चढत न्हाय. तरी ती खाली पटांगणात घ्यावी. आणखी एक. अर्जदाराच्या त्या थापेत एक गोष्ट खरी हुती, उर्मट बोललेलं आकारामला खपत न्हाय. तरी डॉक्टर इंगवल्यांस्नी आपल्या हापिसातनं कळवावं, की येताना पळायला बरे पडतील असे बूट घालून यावेत.

आपली नम्र, सोमवारपतोर तरी,
बायडाबाई केरबा चौगले
दि. ८ जानेवारी २०२६, गुरुवार

सोबत :
१. आकारामचा पाडव्याचा रंगीत फोटो, शिंगांसकट.
२. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला, कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासकट. हे डॉक्टर खरे हायत. आकारामला त्यांनी प्रत्यक्ष बघितलाय.