बैल बोलायला लागला

१६ ऑक्टोबर, बुधवार

उद्या! बारा वर्षं वाट पाहिली, आता एक रात्र. 'मिठाची वाट' या व्हिडिओ गेमचा भाग आठवा.

चष्म्याच्या दुकानाच्या दारावर पाटी लावली : 'घरगुती कारणास्तव गुरुवार-शुक्रवार बंद.' बायकोने, नात्सुएने, ती वाचली आणि विचारलं, "घरगुती कारण म्हणजे कोण, तो बैल का?"

हो, बैलच. बायकोशी लग्न होऊन एकवीस वर्षं झाली. बैलाशी ओळख एकतीस वर्षांची आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी गेमच्या दुकानाबाहेर रांगेत अकरा जण. सगळे चाळिशी ओलांडलेले. त्यातल्या सहा जणांचे चष्मे मीच केलेले! कुणी कुणाला ओळख दाखवली नाही. सगळ्यांनीच कुठे ना कुठे काहीतरी खोटं सांगितलेलं असणार. नगरपालिकेतले कारकून तर माझ्याकडे पाठ करून भिंतीवरचं पोस्टर वाचत उभे होते. पोस्टरवर दोनच शब्द होते.

घरी आलो. खेळ सुरू केला. समुद्रकिनारा, मिठाची पोती, आणि आमचा बैल बोता उभा – तोच करडा रंग, तोच तुटका डावा कान. चष्मा काढून पुसला. पोतं उचलून त्याच्या पाठीवर टाकलं. बोताने मान वळवली आणि म्हणाला –

"धनी, निघायचं ना? हवा काय मस्त पडलीय!"

बोलला. बैल बोलला.

सात भागांत हा प्राणी एकदाही हंबरला नाही! मनात आलं की खिंडीच्या मधोमध बसायचा. मग आपणही बसायचं. बर्फ पडायचं, वाण्याचा माल लांबायचा, आणि बोता उठेल तेव्हा उठायचा. खेळ म्हणजे तेवढंच होतं. माझ्या शाळेतल्या मित्राचं, मिझोगुचीचं, केस कापायचं दुकान आहे, तो नेहमी सांगतो की गिऱ्हाइकांच्या बडबडीपुढे गप्प कसं राहायचं हे मी बोताकडून शिकलो. आता बोताच बडबडतो. बसत तर नाहीच. रस्ताभर पिवळे बाण, वर "धनी, डावीकडे!" "धनी, दमलात का?" "वा, धनी, वा!" दोन तासांत सत्तेचाळीस वेळा 'वा'. मोजले.

दुपारपर्यंत फोनवरच्या आमच्या चौघांच्या गटावर कुणाचा एक शब्द नाही. मी लिहायला घेतलं – 'हे काय करून ठेवलंय!' – तेवढ्यात हानेदाचा निरोप आला : 'सुरू केलं. बोताला पाहून रडू आलं.'

लिहिलेलं खोडलं.

हानेदा नागोयाला एकटाच असतो. मागच्या हिवाळ्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा आम्ही तिघं बसने गेलो होतो – मी, मिझोगुची, कुरामोची. शाळेपासूनचे चौघं आम्ही. नाकात नळी असताना तो म्हणाला, "आठवा आल्याशिवाय मी मरत नाही, तुम्ही निवांत घरी जा." त्यावरच तगला बिचारा. आता त्याला काय सांगू? तुझा बैल वाया गेला?

'मलाही,' असं लिहिलं. खोटं नाही. रडू मलाही आलं होतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पाटीचा घोटाळा. समोरच्या तांदळाच्या दुकानातल्या आजी पर्सिमनची फळं घेऊन आल्या आणि हलक्या आवाजात चौकशी करायला लागल्या – कोण गेलं? मी आत, हातात रिमोट. नात्सुए दारात गेली आणि शांतपणे म्हणाली, "लांबचे आहेत. आहेत अजून, पण पूर्वीसारखे राहिले नाहीत."

गटावर आज सगळ्यांना कंठ फुटला. मिझोगुची : 'चित्रं काय सुंदर!' कुरामोची : 'संगीत ऐकून अंगावर काटा आला.' म्हणजे यांनाही आवडलाय! फक्त मीच करंटा. मग मीही लिहिलं : 'बर्फ अगदी बर्फासारखं आहे.'

याहून चांगलं काही सुचलं नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

एक गोष्ट कळली. शिव्या न खेळताही देता येतात, स्तुती करायची तर खेळावं लागतं. रोज गटावर काहीतरी छान लिहायला हवं, म्हणून रोज दुकान बंद केल्यावर दोन तास त्या वाचाळ जनावराबरोबर चढण चढतो आहे. आजची स्तुती : 'गवत हलतं.'

हानेदाने लगेच उत्तर दिलं : 'तुझ्या नजरेला मानलं, ओगिनो.'

२७ ऑक्टोबर, रविवार

कुरामोचीकडून पार्सल. चौघांसाठी तिने टी-शर्ट छापून घेतलेत. छातीवर बोता, खाली मोठ्या अक्षरांत – 'धनी, निघायचं ना?' ही बाई पोस्टाच्या खिडकीत बसते, वर्षाकाठी चार वाक्यं बोलते. तिने एवढं करावं म्हणजे आठवा तिला किती आवडला असेल! गुन्हेगारासारखं वाटलं. तीनदा आभार मानले.

३० ऑक्टोबर, बुधवार

भेट आली की परतभेट आलीच. मिझोगुचीने सगळ्यांना बोलका बोता पाठवला. वीतभर उंच, आवाज झाला की बोलतो. दुकानात ठेवावाच लागेल – मिझोगुची केव्हाही डोकावतो.

मी राहिलो. टी-शर्ट झाले, बैल झाला, आता याहून कमी द्यायचं तर तोंड कुठे लपवू? सुचेना. शेवटी घाईघाईत लिहून टाकलं : 'तेवीस नोव्हेंबरला आसामा गावच्या गरम झऱ्यावर चौघं राहू. आठव्याचा उत्सव! माझ्याकडून!'

पाठवल्यावर दोन मिनिटं पडद्याकडे बघत बसलो. ज्या खेळाचं सुतक पाळायचं, त्याचं बारसं घातलंय मी.

२ नोव्हेंबर, शनिवार

दाराची घंटा वाजली की फळीवरचा बैल बोलतो. आज एक ऐंशीच्या आजी नंबर तपासायला आल्या. "धनी, दमलात का?" आजी म्हणाल्या, "हो रे बाबा, फार," आणि खुर्चीत बसल्या. जायच्या आधी माझ्यापुढे नाही, त्याच्यापुढे वाकून नमस्कार केला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना नात्सुए म्हणाली, "तुम्हाला तो आठवा आवडलेला नाही."

कशावरून, म्हटलं.

"सातवा खेळायचात तेव्हा घरात माणूस आहे की नाही ते कळायचं नाही. आता दर थोड्या वेळाने 'वा, वा' म्हणता. मला ऐकू जावं म्हणून. सांगून टाका ना त्यांना."

हानेदाच्या हृदयाचं काय, असं विचारलं.

"ऑपरेशन हृदयाचं झालंय. कान चांगले आहेत त्याचे."

हिला नाही कळायचं. तिघं खूश आहेत. एकाने तोंड कडू केलं की सगळ्यांच्या ताटाची चव जाते. आणि खरी भीती वेगळीच आहे – लिहूनच टाकतो. आम्हा चौघांत 'मिठाची वाट' सोडून आता दुसरं आहे काय? कुणाची मुलं कुठे शिकतात तेही धड ठाऊक नाही. ती एक वाट बुजली तर हानेदा नागोयात एकटा, आणि आम्ही इथे एकाच गावात तीन अनोळखी माणसं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बोताने आज गाणं म्हटलं. चार कडवी.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

हानेदाचा फोन. आवाज ओढलेला वाटला. जिने चढायचा कंटाळा करतो, डॉक्टर रागावतात. मग म्हणाला, "तुम्हा तिघांना एवढं खूश बघितलं, बरं वाटलं." मी म्हटलं, तुला खूश बघून आम्हाला बरं वाटतं.  मग तो म्हणाला, गवत खरंच छान हलतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल जे झालं ते नीट लिहितो.

आसामाच्या धर्मशाळेवजा जुन्या हॉटेलात चौघं पोचलो. अंघोळी झाल्या. जेवायला बसलो – चौघांच्याही अंगात ते टी-शर्ट. हानेदा वाळलाय. ताटात नुसता चिवडत होता. मग स्तुतीच्या फेऱ्या सुरू झाल्या. मिझोगुची चित्रांवर बोलला, कुरामोची संगीतावर, मी बर्फावर. हानेदा म्हणाला, आवाजही किती स्पष्ट आहेत. पुन्हा मिझोगुची चित्रांवर. तिसऱ्या फेरीला माझ्याकडचं बर्फ संपलं. गंमत म्हणजे कुठवर पोचलास, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

तेवढ्यात वाढणारी बाई आमच्या छात्यांकडे बघून थबकली. म्हणाली, "माझे यजमानही याचेच वेडे आहेत. सातही भाग खेळलेत. पुढच्या आठवड्यात वाढदिवस आहे त्यांचा – हा आठवा देऊ का?"



मित्रासाठी खोटं बोलणं वेगळं. पण या बाईने आमचं काय वाकडं केलं होतं? आणि तिच्या त्या नवऱ्याने? मिझोगुची सूपच्या वाडग्यात बघत होता. मी ताटातला मासा उलटा केला. शेवटी कुरामोची, शाळेत हजेरी द्यायची त्याच आवाजात, म्हणाली, "सातवाच परत खेळायला सांगा."

बाई गेली. हानेदाने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"काय म्हणालीस?"

"चुकून निघालं."

"नाही, परत म्हण."

कुरामोचीचे कान लाल झाले. "मी आवाज बंद करून खेळते रे," ती म्हणाली. "तो 'धनी' म्हणाला की मला पोस्टाच्या खिडकीवर आल्यासारखं वाटतं."

"मी पहिली खिंडसुद्धा ओलांडली नाही," मिझोगुची म्हणाला. "दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकतो. घरी येऊन बैलाचंही ऐकू?"

मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सत्तेचाळीस 'वा', दोन तासांत.

हानेदा कितीतरी वेळ टी-शर्टवरच्या बैलाकडे बघत होता. मला वाटलं, आता याला काहीतरी होतं. तो म्हणाला, "आठवा आल्याशिवाय मरणार नाही असं म्हणालो होतो मी. आता हे खेळून मरू का? छे. नवव्याची वाट बघावी लागणार!"

आणि हसला. आम्ही एवढे हसलो की ती बाई परत आली. तो आमच्यासाठी, आम्ही त्याच्यासाठी – महिनाभर चौघं एकमेकांना गवत चारत होतो! मग शिव्यांना सुरुवात झाली. बाणांना, गाण्याला, चारही कडव्यांना एकेक करून. हानेदाने भाताचे दोन वाडगे संपवले. बोलता बोलता मिझोगुचीची मुलगी नर्स होतेय ते कळलं. कुरामोचीने आई गेल्याचं सांगितलं – वसंतात गेली, आणि आम्हाला पत्ताच नाही.

इतक्या वर्षांत अशी संध्याकाळ झाली नव्हती.

ठरलं : दर शनिवारी दुपारी फोनवर चौघांनी जमायचं, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष. आठव्याला शिव्या देण्यासाठी. सर्वांत पुढे मीच गेलोय, म्हणून चिटणीस मी. शेवटपर्यंत खेळून दोषांची पूर्ण यादी आणायची.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

यादी एकसष्टवर गेली. हानेदा रोज सहा-सहा पाठवतो. चालता चालता सुचतात म्हणे, म्हणून सकाळी नदीपर्यंत जाऊन येतो. डॉक्टरांनी विचारलं, तब्येत एकदम कशी सुधारली? त्याने सांगितलं, शिव्या देतो.

१ डिसेंबर, रविवार

कालची सभा अडीच तास. मी वाचून दाखवलं, प्रत्येक दोषाला टाळ्या. टाळी वाजली की चौघांकडचाही बैल बोलायचा. हानेदा हसून हसून आडवा.

४ डिसेंबर, बुधवार

दुकानाला सुट्टी. दुपारी आठवा संपवला.

शेवटच्या गावात मीठ उतरवलं, खेळ करणाऱ्यांची नावं सरकून गेली. इथे सगळे बंद करत असणार. मी मात्र आणखी चार दोष सापडतात का म्हणून मागे फिरलो, रिकामा बैल घेऊन, घरच्या वाटेला. बाण नव्हते. बोता बोलत नव्हता. पाय ओढत चालला होता, थकलेला. अर्ध्या वाटेवर पडद्यावर एक बटण आलं, आधी कधीच नसलेलं. दाबलं. आठ भागांत मुका असलेला धनी, म्हणजे खेळातला मी, बोलला : "चल राजा, आलंच घर." मग उरलेली सबंध वाट मी ते बटण दाबत राहिलो. किनाऱ्यावर पोचेपर्यंत पडदा नीट दिसत नव्हता.

आठांपैकी हा सगळ्यांत चांगला आहे.

संध्याकाळी हानेदाचा निरोप : 'झालं का संपवून? शेवट किती वाईट आहे?'

बराच वेळ विचार केला. मग लिहिलं : 'भयंकर. शनिवारी सांगतो.'