यरुशलेमला निघालेली तीन घरं

१३ मार्च २०२०, शुक्रवार. नीउ-व्हेनेप
विमान रद्द. पेसाहच्या सणाआधी यरुशलेमला पोचायचं ठरलं होतं. तीन घरं: आम्ही दोघं, मुलगा रूबेन नि सून हे एक; न्यूनेन गावचा शालोम बायकापोरांसकट दुसरं; त्याचा साडू तिसरं. सगळ्यांना तयार केलं ते यांनीच. अलिबागला कचेरी सांभाळून जन्मभर हज्जान म्हणून प्रार्थना चालवली. इथं परदेशात मुलाकडे आल्यावरही दर शनिवारी ही मंडळी आमच्या हॉलमध्ये जमायची. हे म्हणायचे, "पोटासाठी किती मुलूख फिराल? चला आता आपल्या घरी." शालोमने तर नोकरी सोडली.
आज व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना म्हणाले, घाबरू नका, देव आहे, त्याचा हात आपल्यावर आहे.
किद्दूशसाठी, शुक्रवार रात्रीच्या आशीर्वादाच्या रसासाठी, मनुका भिजवल्या. दुकानात मिळाल्या त्या एवढ्याच. रस पातळ झाला.

२० मार्च, शुक्रवार
यांना खोकला. तरी सोमवारचा उपास जाहीर केला, तिन्ही घरांनी करायचा. बाबिलोनहून आपली माणसं घेऊन यरुशलेमला निघालेल्या याजकाची गोष्ट सांगितली. यांची फार आवडती. वाटेत दरोडेखोर, पण राजाकडे शिपाई मागायची त्याला लाज वाटली. देव आमचं रक्षण करतो, असं राजाला आधीच सांगून बसलेला. मग नदीकाठी सगळ्यांनी उपास केला, नि सुखरूप पोचले.
शालोमची बायको, "काका, पाणी तरी चालेल ना?"
"पाणीसुद्धा नाही."
मी मागून म्हटलं, कणकण आहे, तुम्ही नका करू. म्हणे, पुढे चालणाऱ्यानेच खाल्लं तर मागचे काय करतील?

२४ मार्च, मंगळवार
उपास पार पडला. ताप चढलाय. रूबेन हाउसआर्ट्सला, इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन लावत होता, यांनी त्याचा हात धरला. "लोकांना काय सांगितलंय मी? नि आता मीच डॉक्टर बोलावू?"
रूबेन ओरडला, "पप्पा, तो याजक होता. तुम्ही रिटायर्ड हेडक्लार्क आहात, शुगरवाले!"
यांना असं कधी कोणी बोललं नव्हतं. मला मेलीला हसू आलं. मग मीच मोरीत जाऊन रडले.

२६ मार्च, गुरुवार
श्वास लागला. रूबेनला म्हटलं, लाव फोन. यांना न विचारता.
अँब्युलन्सवाले प्लॅस्टिकचे झगे घालून आले. बरोबर कोणाला येऊ दिलं नाही. निघताना यांनी दारावरच्या मेझुझाला, देवाच्या वचनाच्या डबीला, बोटं लावली, ओठांना टेकवली. माझ्याकडे बघितलं नाही.
फोन आधीच लावायला हवा होता. की लावायलाच नको...

२ एप्रिल, गुरुवार
घशात नळी. नर्सने टॅब्लेट समोर धरला, मी शेमाची प्रार्थना म्हटली. पापणी हलली असं मला वाटलं. रूबेनला नाही वाटलं.
शालोमचा फोन. "काकू, काका काय म्हणतात? थांबायचं का इथं?" म्हटलं, ते बोलत नाहीत रे बाबा.

७ एप्रिल, मंगळवार
पहाटे गेले.

८ एप्रिल, बुधवार
माती दिली. इथलीच, ओली, काळी. कबरस्तानात मोजकीच माणसं सोडली. काद्दिशला, गेलेल्यासाठीच्या प्रार्थनेला, दहा पुरुष हवेत, ते भरेनात. बाकीचे फोनच्या स्क्रीनवर. शालोमने विचारलं, स्क्रीनवरचे धरायचे का? असं काही अडलं की सगळे यांनाच विचारायचे. रूबेन पेटीकडे बघत राहिला. काद्दिश न म्हणताच परतलो.
संध्याकाळी पेसाह. ताटावर बसलो, उठलो.

२१ जून, रविवार
यांच्या विश्वासाला मी मनात गर्व म्हणते. मग स्वतःचीच भीती वाटते. उपासाने फरक पडला का, डॉक्टरला विचारलं. सांगता येत नाही म्हणाला. तो याजक पोचला म्हणून त्याची गोष्ट झाली. वाटेत त्याच्याही माणसांपैकी कोणी गेलं असेल, त्या माणसाच्या बायकोला कोणी काय सांगितलं?
हे विचारायचं ते यांनाच.

१३ सप्टेंबर, रविवार
आपलं नवं वर्ष जवळ आलं. विमानं सुरू झाली म्हणे. शालोम सगळ्यांना घेऊन आला, मागच्या अंगणातच लांब लांब बसले.
"आम्ही निघतो काकू. तुम्ही चला. काकांच्या जागी आता तुम्हीच."
"मी मॅट्रिक झालेली बाई. कसली जागा घेतेय!"
"मग एवढं तरी. काका म्हणायचे ना, त्याचा हात आपल्यावर आहे? तुम्ही एकदा म्हणा. ही म्हणते, त्याशिवाय पाय निघणार नाही."
मागे त्याची बायको, धाकटीला कडेवर घेऊन. डोळे माझ्यावर. तोंडापर्यंत आलं होतं. उठून सरबत करायला गेले.
बुधवारी परत येणार आहेत. म्हणायचं तर मनापासून म्हणायला हवं, उद्या वाटेत त्यांचं काही झालं तर? आणि म्हटलंच नाही, तर हे खोटे ठरतात.