निळा चंद्र, तिसऱ्यांदा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भिंगांच्या कारखान्यात माझं ठीक चाललं आहे. दिवसभर काच घासतो. पाण्याखाली ती हळूहळू उजळत जाते आणि आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळेनासं होतं. रजा घेतली की काम मागे पडतं, म्हणून येणं झालं नाही.

एक काळजी आहे. मी आठवीत शाळा सोडली तेव्हापासून अप्पा प्रत्येक पत्राच्या शेवटी मला एक इंग्रजी वाक्प्रचार शिकवतात. मी तो अर्थासकट वहीत उतरवतो. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणं, ‘अंडर द वेदर’ म्हणजे बरं नसणं. एकशे बारा झाले, एकही दोनदा आला नाही. आणि आता सलग तीन पत्रांत तोच एकशे बारावा: ‘वन्स इन अ ब्लू मून’, म्हणजे अगदी क्वचित. तिन्ही वेळा नव्याने सांगितल्यासारखा! ताई, अप्पांना विसर पडू लागला आहे का? त्यांना कळू न देता बघ.

लोभ आहेच, तो परतीच्या टपालाने दिसावा.

धाकटा


११ मार्च

चि. धाकट्या मोजपट्टीस,
अ. उ. आ.

अप्पांना सगळं आठवतं. शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी नेलेली शिडीसुद्धा. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, रागावू नकोस. आधी हसले, मग खिडकीशी जाऊन रस्ता बघू लागले. म्हणाले, पोरगं सगळं मोजतं, अर्थ बिनचूक लिहितं, म्हणून तर मोजपट्टी म्हणतो, पण घरी शेवटचं कधी आलं होतं ते वहीत आहे का विचार. तू येईपर्यंत दुसरा वाक्प्रचार मिळणार नाही म्हणे. कळलं का गाढवा?

तुझी खोली झाडून ठेवली आहे. बाकीची माया पाकिटात मावली नाही.

ताई


१५ मार्च

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

एक वर्ष सात महिने झाले. आज पहिल्यांदा मोजले.

मुकादमांनी रजा लगेच दिली. तू कधी मागितलीच नव्हतीस, म्हणाले. काल जेवणाच्या सुट्टीत निळ्या काचेचा एक गोल तुकडा घासून घेतला. उजेडात धरला, तर माणसं, यंत्रं, सगळा कारखाना निळ्या पाण्यात तरंगू लागला. शनिवारी तो खिशात घालून येतो.

एकशे तेरावी ओळ कोरी आहे. ती तुम्ही तोंडी सांगा. मी समोर बसून लिहून घेईन.

तोवर आशीर्वाद राखून ठेवावा.

आपला,
मोजपट्टी